लढाईचे पुनर्दर्शन : क्युबेकमधील रद्द प्रयोगाचा अन्वयार्थ

ऐतिहासिक लढाईच्या ‘जिवंत’ पुनर्दर्शनाचे प्रामाण्य सामान्यतः गणवेश, बंदुका व कवायत यांच्या अचूकतेवरून ठरविले जाते. आर. जी. कॉलिंगवूड यांनी ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ (१९४६) या ग्रंथात इतिहासाला पुनर्घटन मानले; मात्र त्यांना अभिप्रेत होते ते भूतकालीन विचाराचे पुनर्घटन. हालचालींची नक्कल तेवढ्याने इतिहास ठरत नाही.

या दृष्टीने क्युबेकचे उदाहरण उद्बोधक आहे. १३ सप्टेंबर १७५९ रोजी अब्राहमच्या पठारावर ब्रिटिशांनी फ्रेंचांचा पराभव केला. १७६३ च्या पॅरिस तहाने कॅनडा ब्रिटिशांकडे गेला. या लढाईला २५० वर्षे पूर्ण होत असताना, २००९ मध्ये, तिचे पुनर्दर्शन योजिले होते. क्युबेकच्या सार्वभौमत्ववाद्यांनी तीव्र विरोध केल्यावर सुरक्षेचे कारण देऊन ते रद्द करण्यात आले. त्याच सप्टेंबरमध्ये त्याच पठारावर क्युबेकच्या इतिहासाशी निगडित लेखनाचे जाहीर वाचन झाले.

आयोजकांना जे इतिहासदर्शन वाटले, ते विरोधकांना स्वतःच्या पराभवाचा सोहळा वाटले. येथे या प्रयोगप्रकाराची मर्यादा स्पष्ट होते. मुख्य चकमक अर्ध्या तासाच्या आत संपली. भाषा व सत्ता यांवरील तिचे परिणाम अडीच शतकांनंतरही वादाचा विषय होते. ते परिणाम कवायतीतून दाखविता येत नाहीत. वाचनात मात्र पराभूतांच्या वारसांना स्वतःचा शब्द मिळाला. म्हणून अशा प्रयोगांची समीक्षा करताना गणवेशाच्या अचूकतेइतकाच आणखी एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : पराभूताला तेथे कोसळण्याखेरीज दुसरी कोणती भूमिका आहे?