‘तोच उपाय’ म्हणजे कोणता?
हृदयशस्त्रक्रियेनंतर उरोस्थीची जखम चिघळू नये म्हणून तेथेच जेंटामायसिनयुक्त कोलॅजेनचा स्पंज ठेवण्याच्या उपायाची दोनदा मोठी परीक्षा झाली. स्वीडनमध्ये (२००५) २,००० रुग्णांत संसर्ग ९ टक्क्यांवरून ४.३ वर आला. अमेरिकेत (२०१०) १,५०२ रुग्णांत तो ८.७ विरुद्ध ८.४, म्हणजे फरक नगण्य. यावरून ‘तोच उपाय दुसऱ्यांदा निष्फळ ठरला’ असे म्हणणे घाईचे होय. स्वीडनमध्ये स्पंज कोरडा ठेवला होता. अमेरिकेत तो आधी क्षणभर मिठाच्या द्रावणात बुडविला गेला, आणि जेंटामायसिन तर पाण्यात सहज विरघळते! अमेरिकेतील रुग्ण मधुमेही वा स्थूल होते, हेही खरे. परंतु तेवढ्याने द्रावणाचा आक्षेप निकालात निघत नाही. अमेरिकन निष्कर्ष ओल्या स्पंजापुरताच प्रमाण मानावा लागतो.