नव्वद टक्के पूर्ण

कादंबरीची समीक्षा होते, सिनेमाची होते, वेब सिरीजची तर शेवटचा भाग बघून व्हायच्या आत होते. पण ज्या एका पानाकडे बघून कोट्यवधी रुपयांचे निर्णय होतात, त्या पानाची समीक्षा कुणी करत नाही. ते पान म्हणजे साहेबांसाठी बनवलेला प्रोजेक्ट रिपोर्ट. वर प्रकल्पाचं नाव, मध्ये ठसठशीत टक्केवारी, बाजूला हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा. असे रिपोर्ट तयार करून देणं हा माझ्या नोकरीचा एक भाग आहे, म्हणून खात्रीने सांगतो: हे पान मोजमापाचं वाटलं, तरी ते लिहिलेलं असतं. त्याला लेखक असतो, संपादक असतो आणि त्यातून काय गाळायचं हेही कुणीतरी ठरवलेलं असतं.

आधी टक्क्यांचं बघू. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधला ‘पर्सेंट कम्प्लीट’ हा रकाना कालावधीवर चालतो. दहा दिवसांच्या कामाचे पाच दिवस झाले अशी नोंद केली की ५० टक्के. भिंत खरोखर अर्धी उभी राहिली का, ते या रकान्याला कळत नाही. त्यासाठी ‘फिजिकल पर्सेंट कम्प्लीट’ असा वेगळा रकाना आहे, पण तो हाताने भरावा लागतो. म्हणजे कुणीतरी उन्हात साइटवर जाऊन बघून यायला हवं. याउलट ‘अपडेट प्रोजेक्ट’ नावाची एक सोय आहे. तिला तारीख दिली की त्या दिवसापर्यंतची कामं वेळापत्रकाप्रमाणे झाली, असं धरून ती टक्के भरून टाकते. दिवस सरले, म्हणून काम झालं!

मग येते बेरीज. समजा, पाण्याच्या एका योजनेत तीन कामं एकापाठोपाठ एक आहेत: पाइप टाकणं १८ महिने, चाचणी १ महिना, घरोघरी जोडण्या १ महिना. पाइप टाकून झाले की वरची एकत्रित ओळ सांगते, २० पैकी १८ महिने, म्हणजे ९० टक्के पूर्ण. गणितात कुठेच चूक नाही. फक्त एकाही घरात पाण्याचा थेंब पोचलेला नाही. सॉफ्टवेअरने वजन दिलं ते लागणाऱ्या महिन्यांना, आणि लोक ज्या गोष्टीची वाट बघतायत ती शेवटच्या छोट्याशा ओळीत राहिली.

रंगाची गोष्ट याहून मजेदार आहे. तो दिवा एका सूत्रावर पेटतो आणि ते सूत्र आपण लिहितो. पंधरा दिवसांपर्यंतचा उशीर हिरवा धरायचा की पिवळा, हे कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. ते मीटिंगमध्ये ठरतं. शिवाय उशीर मोजायचा तो ‘बेसलाइन’पासून, म्हणजे गोठवून ठेवलेल्या मूळ वेळापत्रकापासून. हे सॉफ्टवेअर एका प्रकल्पाच्या ११ बेसलाइन जपू शकतं. नवी बेसलाइन घेतली आणि रिपोर्ट तिच्याशी जोडला, की कालपर्यंत वर्षभर मागे असलेला प्रकल्प आज वेळेवर दिसतो. जुनं वचन फाइलमध्ये शाबूत असतं, पानावर मात्र नसतं. वरून हिरव्या आणि आतून लाल अशा रिपोर्टला आयटीवाले ‘वॉटरमेलन’ म्हणतात. आपल्याकडे कलिंगड निदान टकटक करून तरी घेतात.

हे सगळं माझ्या शहरात नुसतं ऑफिसचं गॉसिप राहत नाही. १२ डिसेंबर २०२० रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते इथल्या नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन झालं. योजना १,६८० कोटींची. पैठणच्या जायकवाडी धरणातून २,५०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपलाइनने नक्षत्रवाडीपर्यंत पाणी आणायचं, काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या देखरेखीखाली. पुढे ‘अमृत २.०’ मध्ये ही योजना २,७४० कोटींवर गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला कामाच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं लागलं. या सगळ्या काळात आम्ही बातम्यांत वाचत आलो: अमुक टक्के पाइप टाकून झाले, तमुक टक्के जलकुंभ तयार. आणि त्याच काळात शहरातल्या कित्येक वस्त्यांत नळाला पाणी यायचं ते आठवड्यातून एकदा. पाण्याचा दिवस धरून लोक धुणं काढत, पाहुण्यांना बोलावत. त्या घरांच्या वेळापत्रकाचा रकाना कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हता. १,६८० आणि २,७४० हे दोन आकडे शेजारीशेजारी छापले तर ती एक कथा होते. नुसता दुसराच छापला तर ते बजेट होतं.

वरच्या माणसासाठी थोडक्यात लिहिणं हा प्रकार काही सॉफ्टवेअरने आणला नाही. १७६१ साली पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सांकेतिक पत्रातून कळली, असं सांगतात. दोन मोत्यं गेली, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही, असा त्याचा आशय. रिपोर्ट म्हणून बघितलं तर हे पत्र थक्क करणारं आहे. इतकं आटोपशीर, आणि तरी त्यात वाईट बातमी लपवलेली नाही. पण त्याची उतरंडही बघा: मोत्यं मोजली, मोहरा मोजल्या, आणि हजारो साधी माणसं ‘मोजता येत नाहीत’ या खात्यात गेली. आजच्या एक्झिक्युटिव्ह व्ह्यूला ही उतरंड जशीच्या तशी वारशाने मिळाली, प्रामाणिकपणा मात्र वाटेतच गळाला.

साहेबांची बाजूही ऐकायला हवी. ज्याच्याकडे चाळीस प्रकल्प आहेत त्याने चारशे ओळींचं शेड्यूल वाचावं, ही अपेक्षा चुकीची आहे. चारशे ओळी अंगावर फेकणं हीसुद्धा लपवण्याचीच एक पद्धत आहे. लाल ओळ २८६व्या क्रमांकावर पुरून ठेवता येते. तेव्हा गाळणं अटळ आहे. पण जे गाळलं ते गाळलंय हे पानावर दिसावं, एवढी मागणी रास्त आहे. त्यासाठी नवीन लायसन्स लागत नाही. चालू तारखेशेजारी पहिल्या बेसलाइनची तारीख लावा. एकत्रित टक्क्यांखाली प्रत्यक्ष मिळालेल्या गोष्टीचा आकडा द्या: किती घरांत पाणी पोचलं, किती लोक नवी सिस्टिम खरोखर वापरतायत. दिव्याचं सूत्र दिव्याखालीच छापा. आणि सगळ्यात जुन्या लाल कामाबद्दल ते करणाऱ्या माणसाच्या शब्दांत दोन ओळी घ्या. हे चारही बदल एका दुपारचं काम आहे. मी पाहिलेल्या मीटिंगांमध्ये अडचण कधीच सॉफ्टवेअरची नव्हती. पहिली तारीख पानावर आली की ती कुणी दिली होती, हे विचारलं जातं, आणि तो प्रश्न टेबलावरच्या कुणालाच नको असतो.

म्हणून वाचकाने थोडं चिवट व्हावं. आपल्या कंपनीच्या डॅशबोर्डवर असो की सकाळच्या बातमीत, ‘नव्वद टक्के पूर्ण’ दिसलं की तीन प्रश्न विचारावेत. हे कशाचे टक्के आहेत? कुठल्या तारखेपासून मोजलेत? आणि उरलेल्या दहा टक्क्यांत कोण राहतं?