डीएनए जुळला म्हणजे नेमकं काय जुळलं?

मंडळी, 'डीएनए जुळला' एवढं म्हटलं की आपल्याकडे पुढची चर्चा थांबते. आमचं म्हणणं असं की ती तिथून सुरू व्हायला हवी.

अलेक जेफ्रीज यांना १९८४ साली लेस्टरमध्ये हे तंत्र सापडलं. खुनाच्या तपासात ते पहिल्यांदा वापरलं, तेव्हा त्याने आधी एका निरपराध मुलाला सोडवलं. सतरा वर्षांचा तो मुलगा, त्याने गुन्हा कबूलही केला होता! खरा गुन्हेगार नंतर सापडला. ही बाजू आपण विसरतो.

आता घराजवळचं बघू. २०१० साली ठाणे जिल्ह्यात एका सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा, म्हणजे तेव्हा डहाणू-तलासरीही ठाण्यातच. आरोपीला फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. डीएनए अहवाल त्याच्या विरुद्ध होता. तरीही मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. नमुने प्रयोगशाळेत पाठवायला झालेल्या उशिराचं समाधानकारक कारण नाही, आरोपीचे नमुने कोणी घेतले याची धड नोंद नाही. प्रयोगशाळेतलं यंत्र बरोबर असेलही हो, पण त्याच्यापर्यंत पोहोचलं ते काय, हेच सिद्ध झालं नाही. त्या मुलीलाही न्याय मिळाला नाही तो नाहीच.

म्हणून आम्हाला यंत्रापेक्षा पाकिटाची काळजी जास्त. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की जंतू वाढतात, डीएनए तुटतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. डहाणूच्या खाऱ्या, दमट हवेत, तेही श्रावणात, पोलीस ठाण्यात कपडा वाळवायचा कुठे? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नमुना गोळा केल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे आणि तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंद हवी. हे फार आधी व्हायला हवं होतं.

दुसरा मुद्दा अवघड आहे, पण या भागासाठी तोच महत्त्वाचा. अत्याचाराच्या प्रकरणात स्त्रीच्या पेशी जास्त असल्या की पुरुषाचा डीएनए वेगळा काढणं कठीण जातं. मग वाय गुणसूत्राची तपासणी करतात. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. म्हणजे भाऊ, चुलते, चुलतभाऊ, आजोबा, सगळ्यांचं सहसा एकच. आता एखादा वारली पाडा डोळ्यांसमोर आणा. निम्मी घरं एकाच कुळाची. तिथे 'वाय जुळला' याचा अर्थ कूळ जुळलं, माणूस नाही. अहवालात हे लिहिलेलं असलं, तरी बचावाच्या वकिलाने विचारलं नाही तर ते कागदावरच राहतं. आणि आरोपीला घरात वारली बोलायची सवय, समोरचे कागद मराठीत, शास्त्र इंग्रजीत. तो काय विचारणार?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. सोय नसेल तर दुसऱ्या राज्याची वापरता येते, तशी अधिसूचना राज्य सरकारने काढायची. तलासरीच्या पलीकडे तर गुजरातच आहे. नमुना मुंबईला न्यायचा की हद्दीपलीकडे, हे ठरेपर्यंत त्या ४८ तासांतले किती उरतील, हे आम्हाला इथे बसलेल्या वकील मंडळींकडून ऐकायचं आहे.