आई, आगगाडी, ट्रक, तुरुंग आणि दारू

अमेरिकी कंट्री संगीताची थट्टा करणारी गाणी पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक एकदा हसावं आणि विसरून जावं अशी. एक गाणं मात्र पन्नास वर्षं उलटली तरी लोक तारस्वरात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गातात, आणि गाणारे कंट्रीचे कट्टर चाहतेच असतात. ज्यांच्या आवडीची थट्टा झाली, त्यांनीच ती आपली मानली. असं का झालं याचं उत्तर गाण्याच्या घडणीतच सापडतं.

‘यू नेव्हर इव्हन कॉल्ड मी बाय माय नेम’ हे ते गाणं. लिहिलं शिकागोच्या स्टीव्ह गुडमनने, मित्र जॉन प्राइनच्या साथीने. कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या मंडळींना राग येईल म्हणून प्राइनने श्रेय घ्यायचं नाकारलं. पुढे गाण्याने पैसे मिळवून दिले तेव्हा गुडमनने त्याला एक जूकबॉक्स भेट दिला. गुडमनने हे गाणं १९७१ साली आपल्या पहिल्या अल्बममध्ये गायलं, पण ते घरोघरी पोचलं १९७५मध्ये, डेव्हिड ॲलन को याच्या आवाजात. को ओहायो राज्यातल्या ॲक्रनचा. तरुणपणाची बरीच वर्षं त्याने सुधारगृहांत आणि तुरुंगांत काढली होती. बिलबोर्डच्या कंट्री यादीत गाणं आठव्या क्रमांकापर्यंत चढलं. पहिल्या दहांत गेलेलं त्याचं हे पहिलंच गाणं.

सुरुवातीला हे विडंबन आहे असा संशयही येत नाही. संथ लय आहे, मागे स्टील गिटारचा हेलकावा आहे, आणि एक माणूस प्रेयसीकडे तक्रार करतो आहे: तू मला ‘डार्लिंग’ म्हणायचीही गरज नाही, पण एकदाही तू मला माझ्या नावाने हाक मारली नाहीस. कंट्रीत हजारदा आलेलं हे दुःख को अगदी मनापासून गातो. वादक हसत नाहीत, गायक डोळा मिचकावत नाही. विनोदी गाणं म्हणताना आवाज वेडावाकडा करायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. इथे तो आवरला आहे, आणि त्या संयमावरच सगळं गाणं उभं आहे.

मग तो म्हणतो, मला वेलन जेनिंग्ज म्हणू नकोस, चार्ली प्राइड म्हणू नकोस, मर्ल हॅगर्ड म्हणू नकोस. आणि प्रत्येक नाव त्या त्या गायकाच्या ढंगात गातो. या नकलेत दोन अर्थ एकाच वेळी चालतात. प्रेयसी त्याला नावाने ओळखत नाही, हा एक. दुसरा अर्थ मला जास्त बोचतो. ज्या व्यवसायात यशस्वी आवाजांची नक्कल केल्याशिवाय कुणी ऐकून घेत नाही, तिथे स्वतःचं नाव ऐकू यायचं कधी? को म्हणतो, ते कयामतीच्या दिवशी देवाच्या तोंडूनच. हा अर्थ को याला स्वतःलाही लागू होता. त्याने लिहिलेलं एक गाणं १९७४ साली टान्या टकरच्या आवाजात पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. गाणं गाजलं, नाव तिचं झालं. (पुढच्या काळात याच को याने काही वंशद्वेषी गाणी ध्वनिमुद्रित केली. चार्ली प्राइड हा कंट्रीतला सर्वांत मोठा कृष्णवर्णीय गायक. त्याचं नाव इथे ऐकताना ती गाणी आठवतात, आणि ती आठवायलाच हवीत.)

आता तो सुप्रसिद्ध बोलका भाग येतो. वाद्यं चालू असताना को श्रोत्यांशी साध्या आवाजात बोलू लागतो. गुडमनने हे गाणं लिहून मला कळवलं, की हे परिपूर्ण कंट्री गाणं झालं आहे. मी उलट पत्र लिहिलं, की मुळीच नाही. यात आई नाही, आगगाडी नाही, ट्रक नाही, तुरुंग नाही, दारू पिणं नाही.

ही यादी म्हणजे नेमकी समीक्षा आहे. कंट्रीच्या साचेबद्धपणावर पानंच्या पानं लिहूनही जे सांगता येणार नाही, ते पाच शब्दांत आलं आहे. पण या पाच गोष्टी कुणी टेबलावर बसून ठरवलेल्या नव्हत्या. कंट्रीचा जनक मानला जाणारा जिमी रॉजर्स खरोखरच रेल्वेत ब्रेकमन होता. हॅगर्ड सान क्वेंटिनच्या तुरुंगात राहून आला होता आणि १९६८ साली त्याने आईवरचं ‘मामा ट्राइड’ गायलं. ट्रकचालकांच्या रात्री १९६३ साली डेव्ह डडलीच्या गाण्यात आल्या. एका पिढीने भोगलेलं पुढच्या पिढीने ठशासारखं वापरायला घेतलं. को मात्र तुरुंग भोगून आलेला होता, म्हणून ‘तुरुंग’ हा शब्द त्याच्या तोंडी उसना वाटत नाही.

उत्तरादाखल गुडमनने एक कडवं जोडलं, असं को सांगतो, आणि ते गातो. त्या कडव्याची बांधणी थक्क करणारी आहे. आई तुरुंगातून सुटते त्या दिवशी मुलगा प्यालेला असतो. पावसात तो तिला आणायला निघतो, पण पिकअप ट्रक घेऊन स्टेशनवर पोचण्याआधीच आई आगगाडीखाली सापडते. पाचही गोष्टी चार ओळींत, आणि त्याही कार्यकारणाच्या साखळीत! पाऊस तर मागितलेलाही नव्हता. पण आगगाडीशी त्याचं इंग्रजीत यमक जुळतं आणि दुःखाच्या गाण्यात तो शोभतो. सर्वांत मोठी गंमत उलटापालटीत आहे. कंट्रीच्या परंपरेत मुलगा तुरुंगात जातो आणि आई रडते. इथे तुरुंगातून आई येते. आगगाडी अगदी शेवटच्या शब्दाला येते, आणि ऐकणाऱ्याला ती दोन ओळी आधीच दिसू लागलेली असते. येणार हे माहीत असून आल्यावर हसू फुटतं. मग सगळे मिळून पुन्हा ध्रुवपद. तीच तक्रार आता आनंदाने गायली जाते.

१९७५ हे सालच नॅशव्हिलकडे बोट दाखवणारं होतं. रॉबर्ट ऑल्टमनचा ‘नॅशव्हिल’ त्याच वर्षी आला. थोर चित्रपट, पण त्यातली बरीच गाणी नटांनी स्वतः रचलेली होती आणि शहरातल्या अनेक संगीतकारांना तो रुचला नाही. वेलन जेनिंग्जनेही त्याच वर्षी एका गाण्यात चकचकीत पोशाखांच्या आणि ठरीव चालींच्या नॅशव्हिलला जुन्या पिढीतल्या हँक विल्यम्सची आठवण करून दिली, आणि ते गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. ऑल्टमन बाहेरून पाहत होता. वेलन आणि को आतून बोलत होते, त्याच सुरांत. घरातल्या माणसाची टीका जिव्हारी लागते आणि टिकतेही.

पुढे यादी बदलली. २०१३ साली समीक्षक जोडी रोझेन याने नव्या साच्याच्या गाण्यांसाठी ‘ब्रो-कंट्री’ हे नाव रूढ केलं: ट्रक, बिअर, कच्चा रस्ता, आणि आखूड चड्डी घातलेली, बोलत नसलेली मुलगी. नंतर एकाने अशी सहा लोकप्रिय गाणी एकमेकांवर ठेवून वाजवली, तर ती जवळपास एकच गाणं निघाली. पण खरं उत्तर त्याआधीच, २०१४ साली, मॅडी आणि टे या दोन कोवळ्या मुलींनी ‘गर्ल इन अ कंट्री साँग’मध्ये दिलं होतं. यादीतली वस्तूच इथे तोंड उघडते. त्या गाण्यांतली मुलगी सांगते, की हे कपडे टोचतात, मला नाव आहे, जुने गायक असं वागवत नव्हते. चित्रफितीत तेच तोकडे कपडे पुरुषांना घातले आहेत. वर्षाअखेरीस हे गाणं रेडिओच्या कंट्री यादीत पहिलं आलं.

नावाने हाक मारा, ही को याचीही मागणी होती. माझ्या मते मॅडी-टेचं गाणं घडणीत त्याच्या तोडीचं नाही. त्यात रागाची धार आहे, पण तो आईचा तुरुंग आणि तो मागितलेला नसलेला पाऊस नाही. धैर्यात मात्र ते सरस आहे. को याच्यामागे १९७५ साली बंडखोर गायकांची लाट उभी होती. या दोघींचं ते पहिलंच गाणं होतं, आणि ज्यांच्यावर बोट ठेवलं ते गायक त्याच रेडिओवर तेव्हा राज्य करत होते. वाचकांनी आधी हॅगर्डचं ‘मामा ट्राइड’ ऐकावं, मग को, मग या दोघी. क्रम चुकवू नये.