साडेमाडे तीनचा न्याय

लहानपणी गावात पळायची शर्यत लागली, की एखादा मोठा मुलगा रेषेच्या बाजूला उभा राहून 'एक, दोन, साडेमाडे...' एवढे म्हणायचा आणि थांबायचा. 'तीन' कधी म्हणायचे ते त्याच्या मर्जीवर. कोणी 'साडे'लाच सुटले की हशा पिकायचा, त्याला मागे बोलवायचे आणि शर्यत पुन्हा पहिल्यापासून. ही आम्हाला गंमत वाटायची. आता वाटते, तो नियमच होता. इशारा कधी येणार हे पळणाऱ्याला आधी कळता कामा नये, म्हणून दोन आणि तीनच्या मध्ये हा अर्थहीन शब्द घातलेला. ऑलिम्पिकच्या मैदानावरही 'सेट' आणि गोळी यांच्यातले अंतर ठरलेले नसते. सगळे स्थिर झाले असे स्टार्टरला वाटले की तो चाप ओढतो.

फरक पुढे आहे. आमच्या गावात लवकर सुटलेल्याला परत बोलवत. 2010 पासून जागतिक नियमानुसार त्याला थेट घरी पाठवतात. शिवाय 'लवकर' कशाला म्हणायचे हे डोळ्याने ठरत नाही. गोळीनंतर एक दशांश सेकंदाच्या, म्हणजे 0.100 सेकंदाच्या आत ज्याच्या पायाचा जोर ब्लॉकवर नोंदला गेला, तो दोषी. या एका आकड्याबद्दल मला बोलायचे आहे.

मी खेळाडू नाही, शास्त्रज्ञही नाही. हिंगणघाटला माझे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. धावण्याच्या नियमांचा नाद लागला तो एका चुकीमुळे. ती पुढे सांगतो.

आधी नियमाचा इतिहास थोडक्यात. 2002 पर्यंत प्रत्येक धावपटूला एक फॉल्स स्टार्ट माफ होता, दुसऱ्याला तो बाद. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये 100 मीटरच्या अंतिम फेरीत आदल्या खेपेचा विजेता लिनफर्ड ख्रिस्ती असाच दुसऱ्या चुकीवर बाहेर गेला. यंत्राने त्याचा वेळ 0.086 दाखवला. 2003 मध्ये नियम बदलला. पहिली चूक कोणाचीही असो, ती सगळ्यांच्या खात्यावर. त्यानंतर जो चुकेल तो बाद. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा जॉन ड्रमंड आणि जमैकाचा असाफा पॉवेल हे दोघे एकाच शर्यतीत या दुसऱ्या चुकीवर बाद झाले. ड्रमंड ट्रॅकवर आडवा पडला, मी हललो नाही असे सांगत राहिला आणि स्पर्धा खोळंबली. 2010 पासून माफी पूर्णच गेली. पुढच्याच वर्षी, 28 ऑगस्ट 2011 रोजी, दक्षिण कोरियातल्या देगू येथे उसेन बोल्ट गोळीच्या आधीच सुटला आणि जागतिक अंतिम फेरी त्याच्याविना झाली. योहान ब्लेक 9.92 सेकंदांत जिंकला.

'सगळ्यांच्या खात्यावर' हा मधला नियम मला सर्वांत वाईट वाटतो. ज्याची सुरुवात मुळात मंद आहे तो मुद्दाम एकदा लवकर सुटून बाकी सातांच्या पायात भीतीची बेडी घालू शकत होता. एकाच्या चुकीसाठी अख्ख्या वर्गाला बाकावर उभे करणारे मास्तर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

पण जुना, दयाळू नियमही निरागस नव्हता. 8 ऑगस्ट 1984, लॉस एंजेलिस, महिलांची 400 मीटर अडथळ्यांची अंतिम फेरी. पी. टी. उषाचे पदक एक शतांश सेकंदाने हुकले, 55.41 ला 55.42, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. कमी जणांना आठवते ते असे, की ती शर्यत दोनदा सुरू झाली. पहिल्या वेळी उषाची सुरुवात उत्तम लागली होती. दुसऱ्याच एका धावपटूच्या फॉल्स स्टार्टमुळे सगळ्यांना मागे बोलावले. दुसऱ्या सुरुवातीला तो सूर लागला नाही, असे उषाने पुढे सांगितले आहे. म्हणजे 'एकदा माफ' या उदारपणाची किंमत चूक करणाऱ्याने मोजली नाही, शेजारच्या लेनने मोजली. 2010 च्या कडक नियमाला मी सरसकट विरोध करत नाही, त्याचे हे कारण. बोल्ट बाद झाला तेव्हा जगभर हळहळ झाली, पण तो गोळीआधी निघाला होता हे साऱ्या स्टेडियमने पाहिले होते. त्यात अन्याय काही नव्हता.

अन्याय सुरू होतो तो गोळीच्या नंतर.

आपल्या न्यायशास्त्रात प्रमाणे सांगितली आहेत. त्यांतली प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन इथे पुरतात. गोळीआधी हललेला माणूस दिसतो. ते प्रत्यक्ष. गोळीनंतर 0.099 सेकंदाने निघालेला माणूस मात्र नियमाच्या अक्षरार्थाने गोळीनंतरच निघालेला असतो. त्याला दोषी धरायचे तर म्हणावे लागते, की माणसाला इतक्या लवकर ऐकून निघता येतच नाही, त्या अर्थी याने ऐकले नाही, अंदाज बांधला. हे अनुमान झाले. अनुमान वाईट नव्हे. धूर दिसला तर अग्नी आहे म्हणायला हरकत नाही. पण 'इतक्या लवकर येतच नाही' ही व्याप्ती आधी पक्की असावी लागते. नेमकी तीच इथे कच्ची आहे.

आवाज कानात शिरतो, मेंदूत जातो, तिथून आज्ञा पाठीच्या कण्यातून मांडीच्या स्नायूपर्यंत पोचते, स्नायू ताणला जातो, आणि मग ब्लॉकवर जोर पडतो. या सगळ्याला किमान किती वेळ लागतो? 2007 मध्ये पेन आणि हिब्ज या इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवले, की ही साखळी सुमारे 0.085 सेकंदात पुरी होऊ शकते. 2009 मध्ये तर आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्वतःच्याच सांगण्यावरून फिनलंडच्या पाव्हो कोमी आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि मर्यादा 0.080 किंवा 0.085 वर आणावी, शिवाय वेगवान कॅमेऱ्याने शरीराची पहिली हालचाल पाहावी, असे सुचवले. त्याच वर्षी संघटनेने शिक्षा कडक केली. मर्यादा आहे तिथेच ठेवली. स्वतः मागवलेला अहवाल फडताळात ठेवणे ही फक्त आपल्याकडच्या कचेऱ्यांची खोड नाही तर.

या हट्टाचे फळ 17 जुलै 2022 ला अमेरिकेतल्या युजीन येथे दिसले. 110 मीटर अडथळ्यांची जागतिक अंतिम फेरी. डेव्हन ॲलन याच विद्यापीठात शिकलेला, मैदान घरचे, काही आठवड्यांपूर्वीच वडील वारलेले, आणि त्याच हंगामात त्याने 12.84 अशी वेळ दिलेली. अंतिम फेरीत त्याचा प्रतिक्रियेचा वेळ निघाला 0.099. बाद. उपांत्य फेरीत तो होता 0.101. म्हणजे उपांत्य फेरीत तो प्रामाणिक आणि अंतिम फेरीत अप्रामाणिक. मध्ये दोन सहस्रांश सेकंद. त्याच स्पर्धेत महिलांच्या 100 मीटरच्या उपांत्य फेरीत सेंट लुसियाची ज्युलियन आल्फ्रेडही बाद झाली. तिने 2024 मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले, ही गोष्ट वेगळी.

इथे माझ्या धंद्यातले थोडे सांगतो. शेतकरी विहिरीवरची मोटार जळाली की माझ्याकडे आणतो. मोटारीला ओव्हरलोड रिले असतो. प्रवाह ठरावीक आकड्यापुढे गेला की तो सप्लाय तोडतो. पण एकाच मोटारीला दोन कंपन्यांचे रिले लावा, दोन्हींवर काटा एकाच आकड्यावर ठेवा, तरी दोन्ही एकाच क्षणी ट्रिप होत नाहीत. गिऱ्हाइकाला हे पटवता पटवता माझी हयात गेली. स्टार्टिंग ब्लॉकचेही तेच आहे. ब्लॉकवर पाय आधीच टेकलेला असतो, त्यामुळे थोडा जोर कायमच असतो. तो किती वाढला म्हणजे 'निघाला' म्हणायचे, हे प्रत्येक कंपनीचे यंत्र आपल्या पद्धतीने ठरवते. म्हणजे 0.100 हा आकडा धावपटूच्या शरीराचा नाही. तो शरीर आणि यंत्र यांच्या बेरजेचा आहे. बेरजेतली एक रक्कम बदलती असताना बेरजेचा आकडा जगभर तोच ठेवायचा आणि तोही सहस्रांशापर्यंत, हे मोटार वाइंडिंगवाल्यालासुद्धा पटत नाही.

बीजिंग ऑलिम्पिकच्या नोंदींवर 2011 मध्ये लिप्स, गालेकी आणि ॲश्टन-मिलर यांनी निबंध लिहिला. बायकांचे प्रतिक्रियेचे वेळ पुरुषांपेक्षा मंद दिसतात, त्यामागे मेंदूचा मंदपणा नसून यंत्राचा जोराचा उंबरठा दोघांसाठी सारखाच ठेवलेला आहे हे कारण असू शकते, असे त्यांचे म्हणणे. जोर कमी तर उंबरठा ओलांडायला वेळ जास्त. तेव्हा एखादी स्त्री खरोखर अंदाजाने निघाली तरी तिचा आकडा शंभराच्या वर येऊन ती सुटू शकते. एकच फूटपट्टी सगळ्यांना लावणे म्हणजे समानता, असे मानणाऱ्यांनी हा निबंध वाचावा.

आवाजाचीही तीच कथा. लेन 1.22 मीटर रुंद. पहिल्या आणि आठव्या लेनमध्ये साडेआठ मीटरचे अंतर. स्टार्टर कडेला उभा राहून बार काढत असेल तर आठव्या लेनला आवाज पोचायला सुमारे 0.025 सेकंद जास्त लागतात. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकमागे स्पीकर असतो. तरीही अथेन्स ऑलिम्पिकच्या नोंदी तपासणाऱ्यांना पहिल्या लेनवाल्यांचे वेळ सरस आढळले, कारण खरी गोळी त्यांच्या कानाजवळ मोठ्याने वाजत होती. मोठा आवाज माणसाला नुसता ऐकू येत नाही, दचकवतो; आणि दचकलेला पाय लवकर सुटतो.

1951 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मुंबईच्या लेव्ही पिंटोने 100 मीटर 10.8 सेकंदांत जिंकली, ती हातातल्या घड्याळांवर. घड्याळवाल्याचे बोट गोळीचा धूर पाहून दाबले जाई. त्याच्याही डोळ्याला आणि बोटाला वेळ लागेच. हातघड्याळ आणि विद्युत घड्याळ यांच्यात 100 मीटरसाठी 0.24 सेकंदांचा फरक धरायची रीत त्यातूनच आली. आज 0.001 वर माणसाचे वर्ष वाया जाते. घड्याळ सुधारले, पण ते वाचणाऱ्यांची नम्रता तेवढ्या प्रमाणात वाढली नाही.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या शालेय स्पर्धेत स्टार्टर आले नाहीत. फक्कीने लेन आखण्याच्या कामात मी हौसेने होतोच. लाकडी क्लॅपर माझ्या हातात दिला गेला. मुलींच्या शंभर मीटरच्या तीन फेऱ्या मी सोडल्या. अंतिम फेरीत एक मुलगी इतकी लवकर सुटली, की मी शिट्टी वाजवून सगळ्यांना मागे बोलावले आणि तिला बाहेर काढले. ती रडली नाही. जवळ येऊन म्हणाली, "सर, तुमी दरवेळी तेवढ्याच टायमानं वाजवता जी."

त्या रात्री एका पालकाने मोबाइलवर घेतलेली चित्रफीत मी थांबवून थांबवून पाहिली. अशा चित्रफितीत सेकंदाला तीस चित्रे. दोन चित्रांत 0.033 सेकंद. एका चित्रात क्लॅपर मिटलेला आणि तिचे दोन्ही हात जमिनीवर. त्याच्या पुढच्याच चित्रात हात उचललेले. साध्या डोळ्याच्या हिशेबाने ती आवाजानंतर निघाली. 0.100 च्या हिशेबाने तिने अंदाज केला. आणि तो केलाच होता, तसे तिने मला तोंडावर सांगितलेही होते. आधीच्या फेऱ्यांत कडेला उभी राहून तिने माझा ठेका मोजला. 'साडेमाडे' म्हणायचे विसरलो तो मी.

कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय कुठे पडणार हे ओळखून पकड केली तर आपण टाळ्या वाजवतो. फलंदाज गोलंदाजाचे मनगट वाचतो, त्याला आपण शहाणा म्हणतो. इथे मात्र वाचणे हाच गुन्हा. असो, खेळाचा करार तसा असेल तर तसा. पण मग स्टार्टरचा ठेका कळून आला हा दोष कोणाच्या खात्यावर मांडायचा, याबद्दल नियम गप्प आहे.

आमच्या विदर्भातल्या शंकरपटात हा प्रश्नच येत नाही. जोड्या सेकंदावर धरतात, पण मी पाहिलेल्या पटांत घड्याळ चालू व्हायचे ते जोडीने रेषा ओलांडल्यावर. बैलाने हुकूम किती लवकर ऐकला याचे गुण नाहीत. माणसांच्या शर्यतीतही असेच करा, असे मी म्हणत नाही. आठ जण एकदम सुटतात तेव्हाच शंभर मीटरला शंभर मीटरची चव येते.

मला पटलेला निवाडा हांगझोऊचा. 1 ऑक्टोबर 2023, आशियाई स्पर्धा, महिलांची 100 मीटर अडथळे. चीनची वू यान्नी गोळीआधी हलली, तिच्यामागोमाग आपली ज्योती याराजी. आधी दोघींवरही कारवाईची भाषा झाली. ज्योती जागची हलेना. पुन्हा पाहा म्हणाली. शेवटी दोघींना निर्णय राखून पळू दिले. शर्यतीनंतर वू बाद झाली आणि 12.91 वेळ दिलेल्या ज्योतीला तिसऱ्याऐवजी दुसरे स्थान, रौप्य, मिळाले. एक चुकली की बाकीच्या ओढल्या जातात, म्हणून जी कारण ठरली तिलाच धरा, असे शहाणे टिपण नियमपुस्तकात जुने आहे. त्यात स्टार्टरच्या मताला जागा आहे. 0.099 वाल्यांनाही असेच पळू द्यावे, आलेख आणि चित्रे शांतपणे पाहावीत, मग बोलावे. आणि मर्यादा 0.080 वर आणावी. युजीनच्या रात्री ॲलनला पळू दिले असते तर जगाचे काय बुडाले असते? टीव्हीचे वेळापत्रकही हलले नसते.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा आली. क्लॅपर दुसऱ्याच्या हातात होता, शारीरिक शिक्षणाचे एक तरुण शिक्षक. फेऱ्या चालू असताना ती कडेला उभी राहून ओठ हलवत मोजत होती. मी त्या शिक्षकांजवळ गेलो आणि हळूच सांगितले, ठेका बदलत राहा. अंतिम फेरीत ती चौथी आली.