आकाशगंगेत उतरण्यापूर्वी

गोष्ट सांगणारे बहुधा युधिष्ठिराला कुत्र्यासह स्वर्गाच्या दारापर्यंत पोचवतात आणि थांबतात. महाभारताचं अठरावं पर्व, स्वर्गारोहण, त्या दाराच्या आत सुरू होतं. अवघे 5 अध्याय!

आत पाऊल टाकताच दिसतो तो तेजानं तळपणारा दुर्योधन. भाऊ कुठेच नाहीत. युधिष्ठिर तोंड फिरवतो. नारद हसून समजावतात: इथे वैर उरत नाही, द्यूतात घडलं ते मनात धरू नकोस, द्रौपदीचे क्लेश आठवू नकोस. म्हणजे स्वर्गाची पहिली अट विसरण्याची. पुढे येणाऱ्या नरकापेक्षा मला हा गोड उपदेशच जास्त भयंकर वाटतो.

युधिष्ठिर हट्टानं एका देवदूतामागून भावांकडे निघतो. वाटेवरची वैतरणी, असिपत्रवन, उकळतं तेल हा सगळा ठरीव ऐवज. कवीची खरी नजर वासावर आहे. दुर्गंधीनं गुदमरून युधिष्ठिर चक्क मागे वळतो! तेवढ्यात अंधारातून विनवण्या येतात: क्षणभर थांब, तुझ्या अंगाचा सुगंध घेऊन येणाऱ्या वाऱ्यानं आम्हाला बरं वाटतंय. आवाज पूर्वी कितीदा ऐकलेले, पण यातनेनं इतके बदललेले की त्याला ओळखू येत नाहीत. त्याला विचारावं लागतं, कोण तुम्ही? उत्तरात सगळ्यात आधी नाव येतं कर्णाचं, मग भीमाचं, अर्जुनाचं. जिवंतपणी ज्याला भाऊ म्हणता आलं नाही, तो इथे पहिला. युधिष्ठिर देवांना आणि धर्माला दूषणं देतो, दूताला परत पाठवतो आणि तिथेच राहतो.

मग इंद्र येतो, नरक विरतो. द्रोणांना कपटानं फसवलंस, म्हणून तुलाही कपटानंच नरक दाखवला, हा खुलासा चोख आहे. पण त्यात हिशेबनीसाचा कोरडेपणा आहे. सरस जागा त्यानंतरची. आकाशगंगेत स्नान करताच मानवी देह गळतो, आणि त्याबरोबर वैर, शोकही. आठवण धरून ठेवणारं जे काही होतं, ते देहासोबतच आलं होतं की काय?

कवी मात्र एक फट ठेवतो. कमळांची माळ ल्यालेली द्रौपदी दिसते, आणि या स्नान करून आलेल्या राजाला तिला एकाएकी काहीतरी विचारावंसं वाटतं. काय, ते व्यास सांगत नाहीत. कारण युधिष्ठिरानं तोंड उघडण्याआधीच इंद्र बोलू लागतो: ही साक्षात श्री.