‘सामान्यतः निवासी’ : एका संज्ञेची चिकित्सा

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० अन्वये मतदारयादीत नाव येण्यास व्यक्ती त्या मतदारसंघात ‘सामान्यतः निवासी’ असावी लागते. तात्पुरत्या अनुपस्थितीने हा निवास संपत नाही, असे कलम २० सांगते. परंतु ‘तात्पुरती’ म्हणजे किती काळ, याविषयी ते मौन पाळते.

मराठी बोलीत हा पेच उद्भवत नाही. करमाळा तालुक्यातील केमहून पुण्यास शिकावयास गेलेला विद्यार्थी ‘मी केमचा, राहतो पुण्यात’ असे म्हणतो. ‘-चा’ हा प्रत्यय आपलेपणाचे ठिकाण दाखवितो, तर ‘राहणे’ हे क्रियापद प्रत्यक्ष वास्तव्य. कायद्याच्या ‘निवासी’ या एकाच शब्दात हे दोन्ही अर्थ कोंबले गेले आहेत.

घर किंवा वसतिगृह यांपैकी एका पत्त्यावर नोंदणी करण्याची मुभा निवडणूक आयोगाने विद्यार्थ्यास दिली, हे योग्यच होय. कारण कलम १७ प्रमाणे नाव एकाच मतदारसंघात राहू शकते. १९८९ पासून मतदानाचे वय १८ झाल्याने महाविद्यालयात नुकताच आलेला विद्यार्थीही या निवडीस सामोरा जातो. तथापि संज्ञा संदिग्ध राहिल्यास ही निवड त्याची न राहता अर्ज तपासणाऱ्याच्या अर्थबोधावर अवलंबून राहील. म्हणून हा पर्याय संज्ञेच्या व्याख्येतच स्पष्ट शब्दांत यावयास हवा.